काच काढा, दिसत न्हाई

१

दिग्विजय निकमचे शेवटचे शब्द हजारावर माणसांनी ऐकले.

"घ्या, काढली काच! आता तर दिसतंय न्हवं?" मोबाईलच्या कॅमेऱ्याकडं बघत तो हसला आणि त्यानं बटणाकडं हात नेला.

सहायक पोलीस निरीक्षक राजेश्वरी विरकर त्या खोलीत शिरली, तेव्हा डोळ्यांना झोंबणारा उग्र वास अजून तिथंच रेंगाळत होता. दिग्विजय टेबलामागं पाठीवर पडला होता. मुठीएवढा ॲल्युमिनियमचा डबा त्याच्या हनुवटीखालून आत घुसून तिथंच अडकला होता. मागच्या पांढऱ्या पडद्यावर छतापर्यंत रक्त उडालं होतं. बाजूला रचलेल्या, 'थेट कारखान्यातून तुमच्या विहिरीवर' असं छापलेल्या खोक्यांवरून ते अजून ओघळत होतं. हवालदार आकारामनं वीस वर्षांच्या नोकरीत कितीतरी मुडदे उचलले होते. तोही तोंडावर रुमाल धरून दारातच थबकला.

कुंडलजवळचा हा कारखाना पाण्याच्या मोटारींचे कपॅसिटर बनवायचा. शेतकरी त्याला कंडेन्सर म्हणतात. मोटार सुरू व्हायला जो धक्का लागतो, तो हा डबा देतो. विट्याचे मानसिंग निकम तरुणपणी सोनं गाळायच्या गलाई धंद्यात कोइमतूरला गेले, तिथं मोटारींचे कारखाने बघून हा धंदा शिकून आले. त्यांनी माल बनवला, पण खपवला तो दिग्विजयनं. या पोरानं दुकानदारांची साखळी बाजूला सारली आणि माल ऑनलाइन बाजारात मांडला. मोटारीची ताकद टाकली की योग्य कंडेन्सर दाखवणारी वेबसाइट केली. दर गुरुवारी तो मोबाईलवर थेट प्रक्षेपण करायचा, माल उघडायचा, तपासायचा, लोकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायचा. राजस्थान-बिहारपासून मागण्या यायला लागल्या होत्या.

मानसिंग भिंतीला टेकून खाली बसले होते. मुलाला मांडीवर घेतल्यामुळं त्यांचा सदरा पोटापर्यंत भिजला होता.

"तुम्हाला कसं कळलं?" राजेश्वरीनं त्यांच्यासमोर उकिडवं बसत विचारलं.

"जयराजचा फोन आला. माझा पुतण्या. काका, वर पळा, दादाच्या तोंडावर कंडेन्सर फुटला म्हणाला. तो पलूसला कुरियरच्या गोदामात होता, तिथं मोबाईलवर बघत होता. खाली यंत्रांच्या आवाजात मला काय ऐकू येणार? पळत आलो. दार मीच उघडलं. वरची सगळी लाइट गेली होती. ऑनलाइनचं बघणारी पोरगी, सोनिया, त्या कोपऱ्यात बेशुद्ध पडली होती आणि हा..."

त्यांनी हात पुढं केला. तळव्यावर डब्याचं उडालेलं झाकण होतं.

"मॅडम, वरचं लेबल आमचं आहे. पण आतला माल आमचा नाही. हा डीसीचा, म्हणजे बॅटरीच्या विजेवरचा कपॅसिटर आहे. घरच्या विजेवर लावला की तापून फुगतो. फुगला तरी वाफ निघून जावी म्हणून झाकणाला एक नरम जागा ठेवलेली असते. ही बघा. कुणीतरी एपॉक्सी, दगडासारखा घट्ट होणारा गोंद, ओतून ती बुजवलीय."

राजेश्वरीनं झाकण उजेडात धरलं. त्या एपॉक्सीवर बोटाचा गुळगुळीत दाब स्पष्ट उमटलेला होता. हातमोजा घालून कुणीतरी सावकाश, नीट सारवल्यासारखं ते काम केलं होतं.

खालून एकदम आरडाओरडा झाला. आकाराम खिडकीतून ओरडला, "मॅडम, फाटकावर माणूस मारत्यात!"

२

पंधरा-वीस कामगारांनी एकाला मातीत लोळवलं होतं. कुणाच्या हातात पाइप होता, कुणाच्या हातात पट्टा. मधोमध पडलेल्या माणसाचा एक डोळा पार बंद झाला होता, तरी तो दात-ओठ खाऊन उठायला बघत होता. राजेश्वरी लाठी फिरवत घुसली. एकाचा पाइप तिच्या खांद्यावर बसला, त्याला तिनं गुडघ्यावर असा तडाखा दिला की तो जागेवर बसला. मग गर्दी मागं सरली.

"ह्यानंच मारलं! मागं कोयता घेऊन आलता हा!" कामगार ओरडत होते.

तो सिद्धू होता, म्हसवडकडचा. त्याच्या थोरल्या भावानं ऑनलाइन कंडेन्सर मागवला होता. विहिरीवर मोटार सुरू करताना पेटीत तो फुटला आणि भाऊ पेटता विहिरीत पडला. डब्यावर निकमांचंच लेबल होतं. दिवसकार्य उरकल्यावर सिद्धू कोयता घेऊन कारखान्याच्या फाटकावर आला होता, हे साऱ्या गावानं पाहिलं होतं.

राजेश्वरीनं त्याला जीपमध्ये बसवून पाणी दिलं. तीही त्याच माण तालुक्यातली. मेंढरांमागं फिरणाऱ्या घरातली. तिची बोली आपोआप बदलली.

"खरं सांग गड्या. त्याला मारायचं तुझ्या मनात व्हतं?"

"व्हतं की." सिद्धूनं रक्त थुंकलं. "पर तवा तो फाटकाबाहेर एकटा आला. माझा कोयता बगून बी मागं सरला न्हाई. मला आत घिऊन गेला, चा पाजला. म्हनला, हा माल आमी इकला न्हाई, आमच्या नावानं कोन तरी इकतंय. तपासनीत नापास म्हनून टाकून दिलेला माल वर लेबल लावून दुसऱ्या दुकानातनं जातोय. मी हुडकतो म्हनला."

"मग आज कशाला आलास?"

"त्यानंच बोलिवलं. ते खोटं दुकान कुनाचं हाय ते घावलं म्हनला. आज सगळ्यांम्होरं त्या दुकानाचं पार्सल फोडून दावतो आनि नाव सांगतो. आईला बी सांग म्हनला, तुजा भाऊ कुनामुळं गेला ते तिला कळंल." त्याचा चेहरा वाकडा झाला. "मी येस्तवर त्यो बी गेला. मॅडम, मला मारायचं असतं तर समोरनं मारला असता. असलं डब्यात मरान भरून धाडनं आमाला जमत न्हाई."

राजेश्वरी वर परत आली. फाटलेलं पार्सल टेबलाखाली पडलं होतं. तिनं चिकटपट्टी हळूच उचकटली. खालच्या पुठ्ठ्याचा वरचा पापुद्रा आधीच एकदा सोलवटलेला होता. पार्सल दिग्विजयच्या हातात पडायच्या आधी कुणीतरी उघडून पुन्हा बंद केलं होतं.

खोट्या दुकानाच्या मालकाला माल पाठवताना हे करायची गरजच नव्हती. म्हणजे मरण या पार्सलात कारखान्यात आल्यावर शिरलं होतं.

३

त्या खोट्या ऑनलाइन दुकानाचा पत्ता निघाला तो मदुराईच्या एका गलाईच्या गाळ्याचा. गाळा विट्याच्या माणसाचा. पण विट्याचं कोण कुणाचा पाहुणा नाही? मानसिंगांचे तिथं नातेवाईक होते, जयराजचे होते आणि सांगलीच्या लालासाहेबांचेही होते.

लालासाहेब हा निकमांचा जुना वितरक. माल ऑनलाइन गेल्यापासून त्याच्या दुकानात माश्या बसल्या होत्या. एका लग्नात त्यानं दिग्विजयची गचांडी धरून 'तुझी मुंडी मुरगाळीन' असं चारचौघांत सांगितलं होतं. राजेश्वरी दुकानात गेली तेव्हा त्यानं आधी आवाज चढवला. मग आकाराम शटर अर्धं ओढून घ्यायला लागला, तसा खाली बसला.

"बोललो होतो, नाही म्हणत नाही. पण आवं, शिव्या देतो म्हणून काय जीव घेतो का? आणि खोटं कशाला बोलू, गुरुवारी पोराचं ते प्रक्षेपण मी चुकवत नव्हतो. काय बोलायचा! मी तीस वर्षं गल्ल्यावर बसलो, मला असं गिऱ्हाईक बांधता आलं नाही."

"म्हणजे त्या दिवशीही तुम्ही बघत होता."

"होतो की. लोक सारखे लिहीत होते, काच काढा, दिसत न्हाई. त्यानं काच काढली, हात बटणाकडं नेला आणि ऐन वेळी ते गोल गोल फिरायला लागलं. नेट गेलं. मी एक शिवी हासडली आणि गिऱ्हाईकाकडं वळलो. संध्याकाळी बातमी कळली तेव्हा घास उतरला नाही."

जयराज कारखान्यातच भेटला. दिग्विजयपेक्षा दोन वर्षांनी लहान, रुंद खांद्यांचा, शांत. माल पाठवणं आणि आलेली पार्सलं उतरवून घेणं त्याच्याकडं होतं. दिग्विजयची आई तो लहान असतानाच गेली. जयराजची आई साळूबाई हिनंच दोघांना एका ताटात जेवू घालून वाढवलं होतं.

"पार्सल माझ्या खात्यातूनच वर गेलं," त्यानं न विचारता सांगितलं. "पण तिथं दहा माणसं वावरतात, मॅडम. आणि मी सकाळपासून पलूसच्या गोदामात. तिथली चार माणसं सांगतील. दादा मोबाईलवर माझ्या डोळ्यांदेखत गेला. फुटलं तसा काकांना फोन लावला."

त्याचे डोळे भरून आले. राजेश्वरीनं गोदामात चौकशी केली. चारही माणसांनी तेच सांगितलं. जयराज तिथंच होता, मोबाईलवर काही टाइप करत बसला होता.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात सोनिया शुद्धीवर आली. ऑनलाइन दुकानाचं सगळं ती बघायची. मालाचे फोटो, जाहिराती, गिऱ्हाइकांच्या तक्रारी. स्फोटावेळी खोलीत दिग्विजयबरोबर तीच एकटी होती. तिच्या गालाला टाके पडले होते.

"काच असायचीच, मॅडम. जाड, पारदर्शक. तपासणी नेहमी तिच्यामागं. त्या दिवशी एकजण सारखा लिहायला लागला, काच काढा. त्याचं बघून बाकीचेही. दिग्विजयसर म्हणाले, गिऱ्हाईक म्हणतंय तर काढू." ती थांबली. "तो लिहिणारा... 'शेतकरीराजा' असं नाव होतं. ते नाव मी आधी कुठंतरी बघितलंय."

"कुठं?"

"खात्री नसताना कुणाचं नाव कसं घेऊ? एक मोबाईल बघायला लागेल. बघते आणि सांगते."

राजेश्वरीनं तिला तिथंच धरून बसवायला हवं होतं. पण डॉक्टर मध्ये आले, ड्रेसिंगची वेळ झाली होती, आणि राजेश्वरी उठली.

४

रक्षाविसर्जनाला अख्खा कारखाना कृष्णाकाठी गेला होता. सगळे नदीवर असणार म्हणून राजेश्वरीही तिथंच होती, चेहरे वाचत. आकारामला मात्र तिनं कारखान्यावर ठेवलं होतं.

त्याचा फोन आला तेव्हा त्याला धड बोलताही येत नव्हतं.

तो मोबाईल बघायला दवाखान्यातून परस्पर आलेली सोनिया पॅकिंगच्या खोलीत जमिनीवर पालथी पडली होती. खोकी बांधायची प्लॅस्टिकची पट्टी तिच्या गळ्याभोवती होती आणि ती आवळायचं लोखंडी हत्यार मानेवर तसंच लटकत होतं. मारणाऱ्यानं दांडा ओढून ओढून पट्टी मांसात रुतवली होती. आकारामनं पकडीनं पट्टी तोडायच्या नादात स्वतःचा अंगठा फाडून घेतला. सोनियाचं तोंड काळंनिळं पडलं होतं, डोळ्यांत रक्त उतरलं होतं. पण छाती हलत होती.

"मागच्या दारानं गेला, मॅडम," आकाराम रडकुंडीला आला होता. "मी पुढच्या दारात बसून राहिलो. मी हिकडं, आनि आत पोरगी..."

सांगलीच्या दवाखान्यात तिच्या घशात नळी घातली गेली. बोलणं लांबच, बोट हलवायचंही भान तिला नव्हतं. पॅकिंगच्या खोलीत पार्सल नोंदवायचा जो मोबाईल असायचा, तो गायब झाला होता.

राजेश्वरी दवाखान्याच्या पायरीवर बसली. समोर चहाची टपरी होती. दोन तरुण एकाच मोबाईलवर क्रिकेटचा सामना बघत होते. ऐन चेंडूला चित्र अडकलं.

"च्यायला, नेट गेलं," एकजण म्हणाला.

तिनं सहज तिकडं बघितलं. मग हातातला चहाचा कप खाली ठेवला. दिग्विजयच्या प्रक्षेपणाची चित्रफीत तिनं आपल्या मोबाईलवर आधी दहादा पाहिली होती. ती पुन्हा लावली. दिग्विजय हसतो. काच बाजूला ठेवतो. हात बटणाकडं जातो. संपलं. आपल्याला मिळालेली प्रत अर्धवट आहे, असंच ती आजवर धरून चालली होती.

तिनं सायबर शाखेला फोन लावला. "त्या प्रक्षेपणाचा पुढचा भाग तुमच्याकडं आहे?"

"पुढं काही नाहीच, मॅडम. स्फोटानं वरची वीज गेली, नेट त्याच बोर्डावर. आणि थेट म्हणतात तरी ते बघणाऱ्यापर्यंत थोडं उशिरानंच पोचतं. स्फोटाचं चित्र कारखान्याबाहेर पडलंच नाही."

राजेश्वरी उठली. "आकाराम, जीप काढ."

५

कारखान्यातल्या चाचणीच्या खोलीत मानसिंग, जयराज आणि ती, एवढेच होते. आकाराम दारात उभा राहिला. तिनं मोबाईल टेबलावर ठेवला.

"जयराज, हे जगानं बघितलं तेच प्रक्षेपण. यात तुझ्या दादाच्या तोंडावर कपॅसिटर फुटतो ते कुठं आहे, मला दाखव."

तो वाकला. चित्र संपलं. त्यानं पुन्हा लावलं. पुन्हा संपलं.

"पोलिसांनी कापलं असणार पुढचं," तो म्हणाला.

"कुणी कापलं नाही. बाहेर गेलंच नाही. स्फोट झाला तेव्हा तो दोघांनीच बघितला. एक मेला आणि दुसरी बेशुद्ध पडली. दार उघडून आत जाणारा पहिला माणूस तुझा काका. आणि काकांना आत पाठवलं तुझ्या फोननं. मग तू कुणाकडून ऐकलंस?"

मानसिंगांनी मान वर केली. फोनवरचे ते शब्द त्यांना आत्ता नव्यानं ऐकू येत असावेत.

"मी... चित्र अडकलं, मला शंका आली..."

"लालासाहेबाचंही अडकलं. तो शिवी देऊन गिऱ्हाईकाकडं वळला. हजार माणसांना वाटलं नेट गेलं. माणूस गेला, हे तुला एकट्याला कळलं. कारण काय होणार ते तुला एकट्यालाच माहीत होतं." ती एक पाऊल पुढं झाली. "टाकून दिलेला माल मोडीत न घालता तू लेबल लावून मदुराईच्या नावावर विकलास. सिद्धूचा भाऊ त्यानं मेला. दिग्विजयनं तुला हुडकलं. पार्सल तुझ्या हातातून वर जाणार होतं, त्यात तू बुजवलेला डबा ठेवलास. राहिली काच. ती तू गोदामात बसून, शेतकरीराजा होऊन, त्याच्याच हातानं काढायला लावलीस. सोनियाला ते नाव आठवलं, म्हणून नदीवरच्या गर्दीतून सटकून तू तिचा गळा आवळलास. पार्सलच्या मोबाईलवरून खोट्या नावानं त्या दुकानाला पाच-पाच तारे देणारं ते तुझंच खातं होतं ना?"

चाचणीच्या टेबलावर वीज भरून ठेवलेल्या कपॅसिटरांची रांग होती. त्या रांगेच्या दोन तारा जयराजनं दोन हातांत उचलल्या आणि राजेश्वरीवर झेप घेतली.

आकाराम मध्ये पडला. निळी ठिणगी तडाडली. तो उडून दारावर आपटला आणि लाकडासारखा खाली कोसळला. राजेश्वरीनं लाकडी स्टूल उचललं आणि जयराजच्या कोपरावर घातलं. हाड मोडल्याचा आवाज आला. एक तार सुटली, दुसरी त्यानं तरीही तिच्या गळ्याकडं आणली. तिनं स्टुलाचा पाय त्याच्या तोंडावर हाणला. दात आणि रक्त टेबलावर सांडलं. तो खाली पडला तरी ती थांबली नाही. सोनियाची मान तिच्या डोळ्यांपुढं होती. तिसरा तडाखा हवेत असतानाच मानसिंगांनी तिचा हात धरला.

"बास, पोरी. बास."

तिनं स्टूल टाकलं आणि आकारामकडं धावली. छातीवर दोन्ही हात रोवून ती दाबत राहिली. शेवटी तो खोकला. तेव्हा तिला कळलं, आपण रडतोय.

मानसिंग पुतण्याशेजारी बसले होते. "का रं?" एवढंच त्यांनी विचारलं.

जयराजनं फाटक्या ओठांतून रक्त गिळलं. "त्यो म्हनला, काकांना तू स्वतः जाऊन सांग, न्हाईतर गुरुवारी मी नाव घेतो. चार दिस दिलं मला." तो हुंदका देऊन थांबला. "तुमच्या म्होरं उभं ऱ्हायचं धाडस झालं न्हाई, काका."

"आणि त्याला मारायचं झालं?"



६

सोनिया वाचली. काही आठवड्यांनी नळी निघाल्यावर तिनं घोगऱ्या, अनोळखी आवाजात सगळं सांगितलं. डबक्यात फेकलेला मोबाईलही सापडला. मदुराईच्या पाहुण्यानं कबुली दिली. मानसिंगांनी सगळी विक्री थांबवली. खोट्या दुकानातून माल घेतलेल्या प्रत्येकाला गाठून तो परत मागवायचं काम त्यांनी हाती घेतलं.

पण त्या दुपारी हे काहीच झालं नव्हतं. जयराजला बेड्या घालून दवाखान्यात पाठवल्यावर मानसिंग राजेश्वरीला म्हणाले, "घरी तुम्ही चला माझ्याबरोबर. मला एकट्याला सांगता येणार नाही."

साळूबाई सोप्यात बसल्या होत्या. भेटायला आलेल्या बायका नुकत्याच उठून गेल्या होत्या. दिराचा चेहरा बघून त्यांनी पदर सावरला. मानसिंग उंबऱ्याशीच थबकले. शेवटी राजेश्वरीनंच सांगितलं. थोडक्यात, काही न लपवता.

म्हातारी ओरडली नाही. ती जमिनीकडं बघत राहिली.

"तुमी चुकताय बाई," ती म्हणाली. "त्यो लहानपनी दिग्याशिवाय जेवायचा न्हाई."

"त्यानं कबूल केलंय, आजी."

"व्हय का?" तिनं दिराकडं बघितलं. मानसिंगांनी मान खाली घातली, तशी तिला खात्री पटली.

"भावजी, एकाचं तेरावं करून मोकळं व्हता येईल," ती म्हणाली. "दुसऱ्याचं मी काय करू?"

मानसिंग तिच्या पायाशी खाली बसले आणि तिच्या गुडघ्यावर डोकं टेकून मोठ्यानं रडायला लागले. तिनं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला नाही, आणि त्यांना दूरही सारलं नाही. राजेश्वरी टोपी हातात धरून दारातच उभी राहिली.